अमेरिकेत विम्यावर औषधं घेताना: जवळचं दुकान की टपाल? नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत आल्यावर घर, गाडी, सोशल सिक्युरिटी नंबर ही कामं सगळे यादी करून उरकतात. औषधांचा विचार मात्र भारतातून आणलेल्या गोळ्या संपत आल्या की सुरू होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवली आणि गोळ्या घेऊन आलो, असं इथे होत नाही. बीपीची असो, शुगरची असो की थायरॉइडची, इथे परवाना असलेल्या डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. ती चिठ्ठी सहसा आपल्या हातातही येत नाही, डॉक्टरच्या संगणकावरून थेट दुकानात जाते. दुकानदार बाटली भरण्याआधी विम्याकडे विचारणा करतो, आणि कोणतं औषध, किती दिवसांचं, किती पैशांत आणि कुठून, हे सगळं त्या काही सेकंदांत ठरतं.

यातल्या ‘कुठून’बद्दल नवीन माणसाला कुणी काही सांगत नाही. दोनेक महिन्यांनी घरी पत्र येतं की यापुढे हे औषध आमच्या टपाल फार्मसीतून मागवा, नाहीतर पूर्ण किंमत भरा. बहुतेकजण मुकाट्याने ऐकतात. कधीकधी ऐकण्यावाचून खरंच इलाज नसतो. पण पुष्कळदा नाही म्हणण्याचा हक्क असतो, आणि तो आहे हेच माहीत नसतं. तो हक्क तुम्हाला आहे का, हे कसं शोधायचं आणि कसा वापरायचा, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम: कार्ड नीट वाचा

विम्याचं कार्ड हातात घ्या आणि दोन्ही बाजू पाहा. पुढच्या बाजूला मेंबर आयडी असतो, तो सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या खाली किंवा शेजारी बारीक अक्षरांत ‘आरएक्स बिन’ हा सहा आकडी क्रमांक, ‘आरएक्स पीसीएन’ आणि ‘आरएक्स ग्रुप’ असतात. औषधाचं बिल कुणाकडे पाठवायचं हे दुकानाच्या संगणकाला या तीन नोंदींवरून कळतं. त्या कार्डावर नसतील, तर औषधांसाठी वेगळं कार्ड निघालेलं असतं. ते मागवून घ्या. काउंटरवर पहिल्यांदा गेलेल्या माणसाचा अर्धा तास यातच जातो.

मागच्या बाजूला, फोन नंबरांच्या गर्दीत, एक वेगळं नाव दिसेल: सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स किंवा ऑप्टमआरएक्स. यांना पीबीएम म्हणतात. विमा कंपनी आणि दुकान यांच्यामधला हा मध्यस्थ. कोणती औषधं यादीत घ्यायची, कोणती दुकानं आपल्या जाळ्यात (नेटवर्कमध्ये) घ्यायची, दुकानाला किती पैसे द्यायचे हे तो ठरवतो. २०२३ मध्ये देशभरातल्या सुमारे ६.६ अब्ज चिठ्ठ्यांपैकी जवळपास ८० टक्के या तिघांच्या हातून गेल्या, असं फेडरल ट्रेड कमिशनच्या २०२४ च्या अहवालात म्हटलं आहे.

या तिघांच्याही स्वतःच्या टपाल फार्मसी आहेत. केअरमार्कचा मालक सीव्हीएस, म्हणजे त्याच्याकडे हजारो दुकानंही आहेत आणि २०१८ पासून एटना ही विमा कंपनीही. एक्सप्रेस स्क्रिप्ट्स सिग्नाच्या घरातली, ऑप्टमआरएक्स युनायटेडहेल्थच्या. म्हणून टपालाने औषध मागवा असं पत्र येतं, तेव्हा पाठवणाऱ्याचा त्यात धंदा आहे हे लक्षात ठेवून ते वाचा. सल्ला तुमच्या फायद्याचा असूही शकतो. पण हिशोब तुम्ही स्वतः करा.

दुसरं काम: पैसा कुणाचा, ते विचारा

हे काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत कमी लोक करतात. नोकरीतून मिळणारा विमा दोन प्रकारचा असतो. एकात कंपनी विमा कंपनीला हप्ता भरते आणि खर्चाची जोखीम विमा कंपनी घेते. याला ‘फुली इन्शुअर्ड’ म्हणतात. दुसऱ्यात कर्मचाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च तुमची कंपनी स्वतःच्या खिशातून करते, विमा कंपनी फक्त कारभार पाहते. हा ‘सेल्फ-फंडेड’. कार्डावर दोन्हीकडे नाव विमा कंपनीचंच असतं, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. नोकरीतून विमा असलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक सेल्फ-फंडेड योजनांत आहेत. मोठ्या आयटी कंपन्यांत तर बहुधा हाच प्रकार.

याने काय फरक पडतो? विम्याचे कायदे इथे मुख्यतः राज्यं करतात. पण एरिसा नावाचा १९७४ चा केंद्रीय कायदा सेल्फ-फंडेड योजनांना राज्याच्या विमा कायद्यांतून बाहेर काढतो. म्हणून एकाच इमारतीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांना वेगवेगळे हक्क असू शकतात.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. तिथे डिसेंबर २०११ मध्ये कायदा झाला. योजना जे औषध टपालाने देते, तेच औषध नेटवर्कमधल्या साध्या दुकानातून घ्यायची मुभा तिने द्यायलाच हवी, आणि त्यासाठी रुग्णाकडून जास्त पैसे घेता येत नाहीत. अट एवढीच की दुकानदाराने टपाल फार्मसीचाच दर मान्य केलेला हवा. तुमची योजना न्यूयॉर्कमध्ये काढलेली आणि फुली इन्शुअर्ड असेल, तर त्या पत्राला तुम्ही या कायद्याचं नाव घेऊन उत्तर देऊ शकता. पण शेजाऱ्याची योजना सेल्फ-फंडेड असेल, तर त्याला हा आधार नाही.

राज्यांनी ही भिंत ओलांडायचे प्रयत्न केले आहेत. अर्कन्सासने कायदा केला की पीबीएमने दुकानाला त्याच्या खरेदीच्या किमतीपेक्षा कमी पैसे देऊ नयेत. पीबीएमच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. १० डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अर्कन्सासच्या बाजूने निकाल दिला: दरावर नियंत्रण ठेवायला एरिसा आड येत नाही. गावातलं छोटं दुकान टिकलं तरच तुम्हाला निवड राहते, म्हणून हा निकाल रुग्णांच्याही कामाचा. ओक्लाहोमाने २०१९ मध्ये त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. दुकानं किती अंतरावर असावीत, ठरावीक दुकानाकडे किंवा टपालाकडे सवलतीचं आमिष दाखवून रुग्ण वळवू नयेत, असे नियम केले. इथे मात्र दहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये यातली मुख्य कलमं एरिसाशी विसंगत ठरवली, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. २०२५ मध्येच अर्कन्सासने पीबीएमच्या मालकीच्या फार्मसींना राज्यात परवानाच नाही, असा कायदा केला. त्याला जुलैमध्ये केंद्रीय न्यायालयाने स्थगिती दिली. माझं मत विचाराल तर रुग्णाला दुकान निवडायचा हक्क कंपनीचा पैसा कोणत्या खात्यातून जातो यावर अवलंबून असणं हा अन्याय आहे. पण आज कायदा असा आहे, आणि त्यातूनच वाट काढायची आहे.

तर करायचं काय? एचआरला एका ओळीचा ईमेल टाका: ‘इज अवर हेल्थ प्लॅन सेल्फ-फंडेड ऑर फुली इन्शुअर्ड?’ असं विचारण्यात काही गैर नाही. व्हिसावर असलेले लोक एचआरला प्रश्न विचारायला उगाच बिचकतात. या प्रश्नाने नोकरीवर काहीही परिणाम होत नाही. टेक्सासमध्ये राहत असाल तर कार्डावर ‘टीडीआय’ किंवा ‘डीओआय’ अशी अक्षरं आहेत का पाहा. असतील तर योजना राज्याच्या देखरेखीखाली आहे. सोबत ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’, म्हणजे योजनेचे नियम सांगणारी पुस्तिका, मागा. लेखी मागणी केल्यावर ३० दिवसांत ते द्यावं लागतं. शंभर पानं वाचायची गरज नाही, ‘मेल ऑर्डर’, ‘मेंटेनन्स’ (कायम चालणारी औषधं) आणि ‘९०’ (दिवसांचा साठा) हे शब्द शोधा.

तिसरं काम: आपली औषधं यादीत आहेत का ते पाहा

पीबीएमच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म्युलरी’ नावाची यादी असते. भारतातली नावं तिथे चालत नाहीत. ग्लायकोमेट शोधू नका, मेटफॉर्मिन शोधा. थायरोनॉर्म किंवा एल्ट्रॉक्सिन म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. पॅरासिटामॉलला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. भारतात सर्रास दिली जाणारी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी इथे मिळत नाही, दोन वेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यामुळे निघण्याआधीच तिकडच्या डॉक्टरांकडून मूळ औषधांची नावं, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे इंग्रजीत टाइप करून, सही-शिक्क्यासह घेऊन या. इथल्या पहिल्या डॉक्टरभेटीत हा कागद फार उपयोगी पडतो.

यादीत औषधांचे स्तर असतात. पहिल्या स्तरात स्वस्त जेनेरिक, वरच्या स्तरांत महाग ब्रँड. हाय डिडक्टिबल योजना घेतली असेल तर सुरुवातीला स्वतः भरायची रक्कम (डिडक्टिबल) संपेपर्यंत बरीचशी औषधं पूर्ण दराने पडतात. याला अपवाद आहेत: २०१९ पासून आयआरएसने (केंद्रीय कर खात्याने) अशा योजनांना काही औषधांवर आधीपासून पैसे द्यायची परवानगी दिली आहे. त्यात मधुमेहाची औषधं, दम्याची नाकातोंडाने ओढायची स्टेरॉइडं, हृदयरोग किंवा मधुमेह असलेल्यांसाठी स्टॅटिन (कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या) येतात. ही सक्ती नाही, म्हणून तुमची योजना देते का हे विचारूनच घ्या.

पहिली बाटली नेहमी दुकानातून

नवीन औषध पहिल्यांदा कधीही टपालाने मागवू नका. मात्रा बदलू शकते, सोसलं नाही तर थांबवावं लागतं, आणि घरपोच आलेलं औषध परत घेत नाहीत. डॉक्टरकडे गेल्यावर ‘कोणती फार्मसी?’ असं विचारतील. घराजवळच्या, नेटवर्कमधल्या दुकानाचा पत्ता आधीच काढून ठेवा. आमच्यापैकी पुष्कळजण सांगतात, ‘एनी सीव्हीएस’, आणि मग चिठ्ठी वीस मैलांवरच्या दुकानात जाऊन पडते.

दुकानात नाव आणि जन्मतारीख विचारतात. जन्मतारीख महिना-दिवस-वर्ष अशी सांगायची. पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘व्हॉट इज द कॅश प्राइस विदाउट इन्शुरन्स?’ पूर्वी काही पीबीएमच्या करारांत दुकानदाराला याबद्दल बोलायला मनाई होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यांनी ती मनाई बेकायदा ठरवली. साध्या जेनेरिक गोळ्या कधीकधी विम्याच्या कोपेपेक्षा, म्हणजे दर वेळी तुम्ही भरायच्या ठरावीक रकमेपेक्षा, रोखीने स्वस्त पडतात. फक्त तसे भरलेले पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत, हे लक्षात असू द्या.

गोळ्या सुट्या, केशरी रंगाच्या बाटलीत मिळतील. तिच्यावरचं लेबल घरी नेऊन नीट वाचा. आरएक्स नंबर: पुन्हा मागवताना हाच सांगायचा. ‘क्वांटिटी’ म्हणजे गोळ्या किती. ‘रिफिल्स: ३’ म्हणजे डॉक्टरकडे न जाता आणखी तीन वेळा मिळतील, शून्य लिहिलं असेल तर पुढची अपॉइंटमेंट आजच घ्या. ‘डिस्कार्ड आफ्टर’ ही टाकून देण्याची तारीख. कसं घ्यायचं हे फार्मासिस्टला विचारणं फुकट असतं. इंग्रजीत अडत असेल तर फोनवर मराठी दुभाषा मिळेल का असं निःसंकोच विचारा. आई-बाबांसाठी तर हे आवर्जून करा.

टपालाचं पत्र आलं की

टपालाला सरसकट वाईट म्हणणं बरोबर नाही. वर्षानुवर्षं न बदलणारी थायरॉइडची किंवा कोलेस्ट्रॉलची गोळी असेल, तर ९० दिवसांचा साठा बहुतेकदा तीन महिन्यांच्या कोपेपेक्षा कमी पैशांत घरी येतो. गाडी नसलेल्या माणसाची मोठी सोय होते. अँटिबायोटिकला मात्र टपाल निरुपयोगी, आणि इन्सुलिनच्या बाबतीत फार जपायला हवं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. जुलैत डॅलस किंवा फिनिक्सच्या उन्हात दारात पडलेला खोका आतल्या जेलच्या पिशव्यांसह तापतो, आणि मिनेसोटाच्या जानेवारीत तेच इन्सुलिन गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं, मग ते दिसायला कसंही असो. मागवायचंच असेल तर सही घेऊनच द्या असं सांगा, येण्याचा दिवस विचारा, आणि खोका उघडताना पिशव्या वितळून कोमट झाल्या असतील तर लगेच फोटो काढून फार्मसीला फोन करा. बदली मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता पत्र. त्यात सहसा लिहिलेलं असतं की दुकानातून दोनदा औषध मिळेल, तिसऱ्यांदा पूर्ण किंमत पडेल. घाबरून जाऊन अर्ज भरू नका. कार्डामागच्या नंबरवर फोन लावून तीन गोष्टी विचारा. मला टपालातून बाहेर राहता येतं का? ‘ऑप्ट आउट’ हा शब्द वापरा. कित्येक योजनांत एवढा फोन पुरतो. ते नाही म्हणाले तर: ९० दिवसांचं औषध दुकानातून घेता येतं का, आणि कोणत्या दुकानातून? काही योजना ठरावीक साखळीच्या दुकानांत टपालाच्याच दराने देतात. तेही नाही म्हणाले तर: वैद्यकीय कारणासाठी अपवाद कसा मागायचा? उष्णतेने बिघडणारं औषध, मात्रा अजून ठरत असणं, घरी पार्सल सुरक्षित न राहणं, ही सांगण्याजोगी कारणं आहेत. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव, तारीख आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. तुमची योजना फुली इन्शुअर्ड असेल आणि राज्यात न्यूयॉर्कसारखा कायदा असेल, तर त्याचं नाव याच फोनवर घ्या.

टपालाने घ्यायचं ठरलं, तर डॉक्टरकडून दोन चिठ्ठ्या मागा: ३० दिवसांची जवळच्या दुकानाला, ९० दिवसांची रिफिलसह टपाल फार्मसीला. पहिलं पार्सल यायला आठवडा-दहा दिवस लागू शकतात, तोवर हातात गोळ्या हव्यात. आपोआप पाठवण्याची सोय चालू करताना विचार करा. मात्रा बदलली किंवा घर बदललं आणि कळवायचं राहिलं, तर जुन्या पत्त्यावर जुन्या गोळ्या जातात आणि क्रेडिट कार्डातून पैसे कापले जातात.

नकार मिळाला तर

‘प्रायर ऑथरायझेशन’ म्हणजे डॉक्टरने आधी कारण कळवायचं. दुकानात हे शब्द ऐकू आले की दुकानदाराशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. डॉक्टरच्या कार्यालयात फोन करा. तरीही नकार आला तर तो लेखी मागा. नोकरीच्या बहुतेक योजनांत अपील करायला १८० दिवस असतात. तब्येतीला धोका असेल तर ‘अर्जंट’ म्हणा, मग ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं. वैद्यकीय कारणावरून अपीलही फेटाळलं तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते.

तक्रार कुठे करायची हे पुन्हा त्या दुसऱ्या कामावर ठरतं. फुली इन्शुअर्ड असाल तर राज्याचं विमा खातं. सेल्फ-फंडेड असाल तर केंद्रीय कामगार खात्याचं एब्सा कार्यालय, फोन १-८६६-४४४-३२७२. तिथली माणसं योजनेला थेट फोन लावून विचारतात. हा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे.

भारतात जाताना आणि आई-बाबा येताना

साधारण तीन चतुर्थांश गोळ्या संपल्याशिवाय विमा पुढच्या गोळ्या देत नाही. सुट्टीसाठी जास्त हव्या असतील तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पीबीएमला ‘व्हेकेशन ओव्हरराइड’ मागा. लक्ष एकाग्र होण्यासाठीची उत्तेजक औषधं किंवा तीव्र वेदनाशामकं यांत हे सहसा जमत नाही. यांतली बरीचशी केंद्रीय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येतात, आणि त्या यादीतल्या औषधांना रिफिलच नसतो.

पाहुणे म्हणून येणाऱ्या आई-बाबांना मुक्कामभर पुरतील एवढी औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह सोबत आणायला सांगा. साधारण ९० दिवसांपर्यंतचा साठा स्वतःच्या वापरासाठी म्हणून चालवून घेतला जातो. नंतर कुरिअरने मागवू नका, पार्सल कस्टममध्ये अडकतं. पर्यटक विमा जुन्या आजारांच्या औषधांचे पैसे सहसा देत नाही. त्यांच्यासाठी इथल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन रोखीने औषध घेणं हाच मार्ग, आणि तिथे टपाल खरंच उपयोगी ठरू शकतं: जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेली कॉस्ट प्लस ड्रग्ज ही फार्मसी खरेदीच्या किमतीवर १५ टक्के आणि ठरावीक शुल्क लावून जेनेरिक औषधं घरपोच पाठवते, विमा लागत नाही.

ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं राहिलेल्या ६५ वर्षांवरील पालकांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा विकत घेता येतो. त्यातला औषधांचा भाग म्हणजे पार्ट डी. तो मुदतीत घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे हप्त्यावर १ टक्का दंड कायमचा लागतो. पार्ट डीमध्ये टपालाची सक्ती नाही. टपालाने ९० दिवसांचं औषध देणाऱ्या योजनेला ते दुकानातूनही घेऊ द्यावं लागतं, मात्र दुकानात जास्त पैसे पडू शकतात. यादीतल्या औषधांवर स्वतःच्या खिशातून होणाऱ्या वार्षिक खर्चाला २०२५ मध्ये २,००० डॉलरची मर्यादा आली, २०२६ मध्ये ती २,१०० आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर योजना बदलता येते. मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावर आई-बाबांची औषधं आणि जवळची दुकानं भरलीत, की प्रत्येक योजनेत दुकानातून किती आणि टपालाने किती पडतील हे शेजारी शेजारी दिसतं.